गंजीतली धग

मला माणसं ओळखता येतात, असं त्या दिवसापर्यंत मी समजत होतो. कुसगावात दत्तोबाइतका संशयी माणूस नाही, असं लोक माझ्याबद्दल बोलायचे आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटायचं नाही. संशय घेणारा माणूस फसत नाही. निदान दुसऱ्याकडून तरी नाही.

पानशेतचं धरण फुटलं, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दसरा झाला तरी पाऊस हटेना. आमचं डोंगरउतारावरचं गवत कापून पडलं होतं, आणि ते लोणावळ्याला वॅगनीत भरून मुंबईच्या तबेल्यांना जायचं होतं. कापणीला वरच्या ठाकरवाडीतली माणसं होती. त्यांच्यातला शिदू सगळ्यांत जाणता. तो म्हणाला, "आबा, गवत आजून दमट हाय. दोन दिस उनात पसरू द्या, मग रचू."

मी काय दूधखुळा आहे? गवत दोन दिवस पसरून राहिलं की वाडीच्या शेळ्या त्यात शिरणार, हे कळायला फार अक्कल लागत नाही. मी त्याच दिवशी दोन गंज्या रचून घेतल्या. मधून कुणी पेंढी उपसू नये म्हणून माणसं वर चढवून चांगल्या तुडवून घेतल्या, आणि वरून ताडपत्र्या आवळून बांधल्या. एक गंजी ओढ्याच्या कडेला. दुसरी गोठ्याला लागून, माझ्या डोळ्यांसमोर.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, ओढ्याकडची गंजी पेटली.

आम्ही पोचेपर्यंत ती हाताबाहेर गेली होती. शिदू आणि त्याची बायको बाया आमच्या आधीच तिथे. दोघंही ओढ्यातून हंडे भरभरून ओतत होती. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मला वाटलं, स्वतःच जाळायचं आणि स्वतःच विझवायला धावायचं, म्हणजे आपल्यावर कुणी बोट ठेवायला नको. तेवढ्यात शेजारचा नथू माझ्या कानाशी लागला.

"आबा, सकाळी ह्यो हितंच व्हता. गंजीत खांद्यापातूर हात घातलेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय."

आणखी काय पाहिजे? मी शिदूला दंडाला धरून घरी आणला आणि गोठ्याच्या खांबाला बांधला. दोरखंडाची गाठ मी स्वतः मारली, कारण असल्या कामात मी दुसऱ्याच्या गाठीवर भरवसा ठेवत नाही. नथूला गाडी जुंपायला सांगितलं. शिदूला चौकीवर द्यायचा, हे ठरलं.

बाया अंगणात उभी होती. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आबा, एकदा चौकीत नाव लागलं की संपलं. गावात काय बी जळू दे, काय बी हरवू दे, ते आमच्याच दारात येनार. पोरांनी कुटं जावं?"

"हे जाळायच्या आदी इचारायचं," मी म्हणालो.

शिदूचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो गोठ्याजवळच्या दुसऱ्या गंजीकडे बघत होता. मग म्हणाला, "आबा, मला न्या कुटं न्यायचं तितं. पर ही गंजीबी पेटनार हाय. आज न्हाईतर उद्या."

"ऐकलंस नथू? बांधलेला हाय तरी धमकी देतोय!"

माझी बायको नंदाबाई गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होती. ती थांबली. "अवो, धमकी देनारा आदी सांगंल का? जाळायचं आसतं तर गप बसला आसता की."

"तू मधी पडू नगंस."

"धमकी न्हाई वो," शिदू म्हणाला. "वल्लं गवत दाबून रचलं की आतल्या आत तापतं. धगीला भायेर यायला वाट न्हाई. ती साठत जाती, साठत जाती, आन येक दिस पेटतं. सकाळी त्येच हात घालून बघत व्हतो. हात ठरंना आत. सांगायला तुमच्या दारात आलतो, तर तुमी म्हनालात, आदी शेळ्या आवर."

असं मी म्हणालो होतो खरं. पण सकाळपासून मी कितीजणांना काय काय म्हणतो, ते काय सगळं लक्षात ठेवायचं?

"पहार खुपसा त्यात," शिदू म्हणाला. "जरा वेळानं काढा. मग कळंल."

पहार! म्हणजे याला मोकळा करायचा आणि वर हातात लोखंड द्यायचं. मी म्हणालो, पहारबिहार काही नाही, काठी घालून बघतो. गोठ्यातली बांबूची काठी घेतली आणि गंजीत हातभर आत सारली. नथूची विडी संपेपर्यंत थांबलो. काढून हात लावला. कोमट होती. दुपारच्या उन्हात अंगणातली कुठलीही काठी तेवढी तापते. मी ती शिदूच्या नाकासमोर नाचवली. नथू खो खो हसला.

"लाकूड न्हाई सांगत, आबा," शिदू म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लाकडातनं धग फुडं सरकतच न्हाई. म्हनून तर तव्याच्या दांड्याला लाकूड लावत्यात. लोखंड काय बी लपवत न्हाई. लोखंड घाला!"

मी काही बोलायच्या आत नंदाबाईनं पाटी खाली ठेवली, भिंतीला टेकलेली पहार उचलली आणि दोन्ही हातांनी गंजीत घातली. पार मुठीएवढी बाहेर राहीपर्यंत. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण ती अशी बघितल्यावर मी कधी काही बोललेलो नाही.

अर्धा तास गेला. गाडी जुंपून नथू कंटाळला होता. मी पुढे झालो, पहार ओढून काढली. बाहेरची मूठही चांगलीच तापलेली लागली, पण मी म्हटलं ऊन. आणि हा सगळा खोटेपणा एकदाचा उघडा पाडावा म्हणून, सगळ्यांना दिसेल असं, पहारीचं आतलं टोक डाव्या हातात घट्ट धरलं.

मी ओरडलो ते ओढ्यापलीकडे ऐकू गेलं म्हणतात. पहार पायावर पडता पडता वाचली. तळहाताची कातडी जागच्या जागी पांढरी पडली आणि टम्म फुगली.

"गुरं काढा!" शिदू ओरडला. "ताडपत्री काढू नगा आदी, हंडे भरून आना! बाया, वरून न्हाई, वाऱ्याच्या पाठीकडनं उपस! पानी मारत मारत काढा!"

आम्ही धावलो. बाया, नंदाबाई, नथू, मीसुद्धा, एका हातानं. शिदू सांगेल तसं करत गेलो. वरचं दोन हात गवत पिवळं, चांगलं. त्याखाली वाफ यायला लागली. त्याच्या आत गवत तंबाखूसारखं काळं झालेलं, आणि मधोमध, पाणी पडताच चर्र करणारे निखारे. पाच म्हशी आणि दोन बैल त्या गंजीपासून चार हातांवर बांधलेले असायचे. गोठ्याला लागून घर. घरात माझी म्हातारी आई झोपलेली.

संध्याकाळ होत आली तेव्हा सगळं गवत अंगणभर पसरलेलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी पसरायला हवं होतं तसं. मी मटकन ओट्यावर बसलो. हाताला लोणी लावलं होतं तरी आग थांबत नव्हती. मला लाज वाटत होती, पण ती कशी दाखवतात हे मला माहीत नव्हतं.

नथू अजून गाडीपाशी घोटाळत होता. "आबा," त्यानं विचारलं, "गाडी सोडू का मग?"

"कशाला सोडतोस?" नंदाबाई म्हणाली. "गंजी कुनी जाळली त्ये कळलंय की आता. चल, घाल त्येनला गाडीत."

ती माझ्याकडेच बघत होती. कुणी हसलं नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की शिदू अजून खांबालाच बांधलेला आहे. इतका वेळ तो आम्हाला तिथूनच ओरडून सांगत होता, आणि त्याला सोडायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. मी उठलो, गाठीला हात घातला. एका हातानं ती सुटेना. फोडाचा हात लावला तर डोळ्यांत पाणी आलं. शेवटी बायानं मला बाजूला केलं आणि दातांनी गाठ सोडवली.