दारावरचा मोर्चा

"आवं, आणिक किती पोती चढवताय? उलाळ गाडीगत झालंया न्हवं!" पद्मिनी गल्लीतून ओरडली.

वर छज्ज्याच्या टोकाशी मातीचे पोते रेटीत शांताराम गुरगुरला, "तू भाकरी थाप जा. गोळ्या अडवायचा मोर्चा बांधनं बायकांचं काम न्हवं."

सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेला हा माणदेशी गडी पंजाबच्या वेशीवरल्या मनीमाजऱ्यात, एका गल्लीत घर करून राहिला होता. पंजाबातून रोज अतिरेक्यांच्या गोळीबाराच्या वार्ता येत, आणि प्रत्येक वार्तेसरशी समोरच्या करनैलसिंगाविषयी त्याच्या मनातले विष चढत जाई. करनैलसिंग म्हशी पाळणारा साधा शीख शेतकरी. अपराध इतकाच, की त्याचे घर समोर होते. शांतारामने पोती भरली तीही करनैलच्याच शेताचा बांध उकरून.

घराला दार एकच, आणि त्यावर दगडी फरशांचा छज्जा. फरशांची शेपटे भिंतीत शिरलेली असून वरच्या कठड्याच्या विटांनी दाबलेली होती. त्या भारावरच त्यांचे पुढचे तोंड अधांतरी तरले होते. समोरचे घर निरखता यावे म्हणून शांतारामने नेमक्या त्याच विटा काढल्या आणि टोकावर पोती रचली. मोर्च्यात माती जितकी अधिक, तितका जीव निर्धास्त, असे पलटणीने त्याला शिकवले होते. मात्र तो मोर्चा जमिनीवरचा होता.

"मागचं काढलंसा, म्होरं लादलंसा," पद्मिनी म्हणाली. "गाडी असती तर जू कवाच आभाळाला गेलं असतं."

इतक्यात छज्ज्याखाली म्हैस बांधायला आलेल्या करनैलने मान वर केली. "ओ फौजी! बोरियां उतार ले. गिरेगा सारा."

"तेरेको क्यों चिंता? इधरसे तेरा घर दिखता है, इसलिए?"

करनैल थुंकला. "नीचे दरवाजा तेरा है, मूर्खा!" आणि म्हशीचे दावे ओढून तो तिला आपल्या आवारात घेऊन गेला.

"बघ, भ्यालं!" शांताराम हसला.

"म्हशीचा तरी जीव वाचला," पद्मिनी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी संचारबंदी लागली, आणि दुपारी पाऊस कोसळला. पोत्यांतली माती पाणी पिऊन जडावत गेली. नवराबायको जेवायला बसली असता माथ्यावर कुणी दात खावेत तसा आवाज झाला. फरशांची शेपटे भिंतीतून उचलली गेली आणि सगळा मोर्चा दारापुढे आदळला. शांतारामने दार आत ओढले, तो समोर चौकटीपर्यंत दगडचिखलाची भिंत! दारावरच्या भिंतीतल्या सैल झालेल्या विटाही एकेक करून आत निसटू लागल्या.

गल्ली निर्मनुष्य होती. दूर पोलिसांची शिटी वाजली. मग ढिगाऱ्यापलीकडून आवाज आला, "फौजी, खोदूं? या अभी भी दुश्मन हूं?"

एक वीट शांतारामच्या ताटात पडली.

पद्मिनीने त्याला बाजूला ढकलले. "भाईसाब, खोदो! इनको मोर्चे में मरनेका होगा, मेरेको नहीं!"

संचारबंदी मोडून करनैलने फावडे चालवले. भगदाड पडले. पद्मिनी बाहेर आली. मागोमाग गुडघ्यांवर रांगत शांताराम. करनैलने त्याला हात दिला नाही. फाटक्या पोत्यातला मातीचा गोळा उचलून तो चोळीत म्हणाला, "मेरे खेत की है. मैं उसी दिन पहचान गया था." आणि फावडे तिथेच टाकून तो घरात गेला. दार मात्र त्याने लावले नाही.

शांताराम पावसात उभाच होता. पद्मिनीने ते फावडे उचलून त्याच्या हाती दिले.

"संचारबंदी उठली की तेंचा बांध भरून या. मातीचा भार भुईलाच सोसतो."