तोच शर्ट, तीच खुर्ची

दिग्दर्शकाने स्पेसबारवर बोट आपटलं आणि पडद्यावरचा दिग्दर्शक तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबला. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत तो, अंगात निळा शर्ट.

"हा कधीचा?"

"पहिल्या रविवारचा," संकलक म्हणाली. तिला सगळे कात्री म्हणायचे. त्याचे सगळे सिनेमे तिनेच कापले होते आणि कापताना तिला कधी वाईट वाटलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"आणि गेल्या रविवारचा?"

कात्रीने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. लहान मुलांच्या मासिकात असतात तशी, फरक ओळखा. दोघांनी बराच वेळ शोधून एक फरक काढला. पहिल्या चित्रात खिडकीबाहेरच्या झाडाला पानं होती, दुसऱ्यात नव्हती.

"झाड माझ्यापेक्षा जास्त आजारी दिसतंय," दिग्दर्शक म्हणाला.

"खरं सांगू? मधे दोन-तीन रविवार तर तू सुधारल्यासारखा वाटतोस."

दिग्दर्शक मरत होता. याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. डॉक्टरांनी तारीख सांगितली नव्हती, पण ऋतू सांगितला होता, आणि तो ऋतू आता तोंडावर आला होता. बातमी कळल्यावर तो घरी येऊन जेवला, झोपला आणि उठून त्याने सिनेमा जाहीर केला. कल्पना इतकी साधी होती की आयुष्यभर आपण उगाच अवघड सिनेमे काढले असं त्याला वाटलं. दर रविवारी दुपारी तीच खुर्ची, तोच शर्ट, तीच चौकट. तो बसेल, सुचेल ते बोलेल. बाकी सगळं तसंच राहील आणि तो मात्र थोडा थोडा कमी होत जाईल. शेवटी रिकामी खुर्ची. रडकं संगीत नाही, आठवणी सांगणारे नातेवाईक नाहीत. बघणाऱ्याने फक्त बघायचं.

आणि आता बघणाऱ्याला दिसत होता एक दाढीवाला, ठणठणीत माणूस, जो मरणाबद्दल फार बोलतो.

निर्मात्याने सकाळीच सगळे तुकडे पाहून निरोप पाठवला होता. त्याला ते अतिशय उमेद देणारं वाटलं होतं. आजारावर मात करणाऱ्या माणसाची गोष्ट आज लोकांना हवीच आहे, शेवटी एखादा डोंगर चढताना दाखवता आलं तर बघा, असं त्याने सुचवलं होतं. डोंगर लहान असला तरी चालेल, असंही.

दिग्दर्शकाने तो निरोप कात्रीला मोठ्याने वाचून दाखवला. 'लहान'पाशी त्याचा आवाज फाटला.

गेले कित्येक महिने त्याचा पारा चढलेलाच होता. त्याच्याशी कोणी भांडत नव्हतं. उसनी नेलेली शिडी परत न देण्यावरून ज्याच्याशी त्याचं वाजलं होतं तो साडू परवा स्वतः शिडी घेऊन आला आणि ठेवून गेला. जिना चढताना ज्याला चार वेळा बसावं लागतं त्याने शिडीचं काय करायचं, हे साडूला विचारावं तर तो डोळे पुसायला लागला. दिग्दर्शकाने फालतू विनोद केला तरी लोक हसायचे. चुकीचं बोलला तरी मान डोलवायचे. सगळं जग त्याला 'बरोबर आहे तुझं' म्हणत होतं. खरं बोलेल असा एक कॅमेराच उरला होता, आणि आता तोही गोड बोलायला लागला होता.

"माझ्या घरातली एकही पँट कमरेवर थांबत नाही," तो कात्रीला म्हणाला. "अंगठी बोटातून निसटून पाण्यात गेली. पाठीची हाडं गादीला टोचतात. हे सगळं कुठे गेलं?"

"मला काय विचारतोस? जे येतं ते मी कापते."

"रिटेक नाहीये याला."

"माहितीये."

तेवढ्यात आजच्या रविवारच्या शूटिंगसाठी कॅमेरामन घरी आला. त्याला सिनेमाची सगळी लाइन मामा म्हणायची. तो कोणाचाच मामा नव्हता. आल्या आल्या त्याने बॅग उघडली, दोन चित्रं शेजारी शेजारी लावलेली पाहिली आणि बॅग पुन्हा बंद केली.

दिग्दर्शकाने दिव्याबद्दल विचारलं. मामाने लेन्स पुसायला घेतली. दिव्याचं काय, दिवा आहे तिथेच आहे, म्हणाला. मग म्हणाला, थोडा पुढे घेतला असेल. मग म्हणाला, दर वेळी थोडा थोडा. लेन्स एव्हाना इतकी स्वच्छ झाली होती की ती पुसणं थांबवण्यावाचून त्याला गत्यंतर उरलं नाही.

"वहिनी म्हणाल्या, गालाखाली सावली पडतेय, मागच्या वेळी नव्हती," मामा म्हणाला. "मग मी दिवा पुढे घेतला. आता त्यांनी चूक दाखवायची आणि आपण दुरुस्त करायची, इतक्या वर्षांची सवय आहे, साहेब. हात आपोआप जातो."

दिग्दर्शकाची बायको कंटिन्युइटी सांभाळायची. एका शॉटमध्ये पेला अर्धा असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो तेवढाच अर्धा आहे ना, कॉलरचं बटण लावलेलं आहे ना, भिजलेले केस भिजलेलेच आहेत ना, हे बघणं तिचं काम. त्यांची ओळखच अशी झाली होती. त्याने एका प्रेताभोवती साठ माणसं रडायला उभी केली होती आणि एका अनोळखी मुलीने सगळं थांबवून सांगितलं, की प्रेताचं घड्याळ आधी डाव्या हातात होतं. तो तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडला. मग त्याने आधीचा शॉट पाहिला. घड्याळ डाव्या हातात होतं.

या सिनेमातही ती होती, पण कॅमेऱ्याच्या मागे. पुढे येऊन बस, एकदा तरी बोल, म्हणून त्याने नाना प्रकारे सांगून पाहिलं. तिने दर वेळी खिडकीच्या पडद्याची चुणी सारखी केली आणि ती चौकटीबाहेर गेली.

आतल्या खोलीत ती इस्त्री करत होती. टेबलावर निळा शर्ट उलटा पसरला होता. दिग्दर्शक दाराला धरून उभा राहिला, श्वास जमेपर्यंत. रागाने यावं आणि आल्यावर आधी दम खावा लागावा, यासारखा अपमान नाही.

मग त्याला शिवण दिसली. शर्टाच्या दोन्ही बगलांपासून खालपर्यंत, एकीच्या आत एक, अशा टाक्यांच्या ओळी. प्रत्येक ओळीने कापडाची एक पट्टी आत दुमडून घेतली होती. निळं सूत, शर्टाच्याच रंगाचं, इतके बारीक टाके की सुलट्या बाजूने कोणाच्या बापाला कळलं नसतं. कॉलरही उसवून पुन्हा बसवली होती. त्याला आठवलं, घरातल्या सगळ्या कपड्यांत हाच एक आपल्याला नीट बसतो, म्हणून रविवारी अंगात घालताना त्याला जरा बरंच वाटायचं.

"हे तू केलंस."

"शिंप्याकडे दिलं असतं तर त्याने धावदोरा घातला असता."

"आणि उशी? खुर्चीवरची?"

"दोन आहेत. तू खचून बसायला लागलास. डोकं खिडकीच्या कडीच्या खाली जात होतं."

"आणि दाढी."

"गालांवर जरा जास्त ठेवते." ती बाही इस्त्री करत होती. "जे जे बदलत होतं ते ते जागेवर आणलं. माझं काम आहे ते."

"माझं मरण खाल्लंस तू," तो म्हणाला. आवाज मोठा काढायचा होता, तो निघाला नाही. "चार महिने मी तिथे बसून मरतोय आणि पडद्यावर एक लठ्ठ माणूस गप्पा मारतोय. एवढी एकच गोष्ट धड करायची राहिली होती. एकच."

"तूच म्हणालास सगळं तसंच ठेव."

"मी सोडून."

"ते म्हणाला नाहीस."

"एवढं कळायला नको?"

तिने इस्त्री उभी केली. ती वळली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की या घरात एक माणूस त्याच्याशी भांडायला तयार आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून आहे.

"पहिल्या दिवशी तू बाहेर बसून सांगितलंस, मी दर रविवारी थोडा कमी होणार, शेवटी खुर्ची रिकामी. कात्री म्हणाली, फार सुंदर कल्पना. मामा वा म्हणाले. मी चहा ओतत होते. माझ्याकडे बघून तू काय म्हणालास, आठवतंय? पडद्याची चुणी सांभाळ."

त्याने दारावरचा हात बदलला.

"तू रविवारी कमी होतोस," ती म्हणाली. "मी सोमवारी पण घरात असते. मंगळवारी तुझी पाठ चोळताना मला मणके मोजता येतात. मला नव्हते मोजायचे. आठवड्यातून एक तास तू मला जागेवर हवा होतास, बस. तुझ्या सिनेमाचं काय व्हायचं ते होऊ दे."

खाली कोणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"उसव," तो म्हणाला.

तिने शिवणाचा डबा काढला. उसवायला वेळ लागला. टाके खरंच बारीक होते. ती एकेक टाका कापून दोरा ओढत होती आणि तो समोर उभा राहून पाहत होता. बसला असता, पण बसलं तर हरल्यासारखं झालं असतं. पट्टीमागून पट्टी सुटत गेली. आत राहिलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निघालं. बाहेरचं उन्हाने विटलं होतं.

बाहेर मामाने दिवा मुकाट्याने पहिल्या दिवशीच्या जागी मागे नेला. उशा काढल्या. कात्री हाताची घडी घालून मॉनिटरशेजारी उभी राहिली.

दिग्दर्शक शर्ट घालून आला आणि खुर्चीत बसला. आधी शर्ट बसला, मग तो. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कॉलरच्या आत मान अशी उभी होती, की जणू कोणी पिंपात काठी ठेवली आहे. आणि कापडावर बगलेपासून कमरेपर्यंत ते गडद निळे पट्टे, एकापुढे एक. प्रत्येक पट्टा म्हणजे एकदा आत घेतलेलं कापड. त्याने मॉनिटर आपल्याकडे वळवायला सांगितला.

तो पाहत राहिला. चौकट अप्रतिम होती. हे त्याला लगेच कळलं, आणि त्यामुळे तो आणखी भडकला.

"जंप आहे," कात्री म्हणाली. "गेल्या रविवारी अख्खा माणूस, या रविवारी हा. लोकांना वाटेल मधली रिळं हरवली."

"वाटू दे."

"कोणी विश्वास ठेवणार नाही."

"मीही ठेवत नाहीये," दिग्दर्शक म्हणाला. "मामा, रोल."

मामाने कॅमेरा सुरू केला. दर रविवारी या क्षणी दिग्दर्शकाला काहीतरी सुचायचं. आज त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. उजवी कॉलर घसरली. त्याने ती वर ओढली. ती पुन्हा घसरली. त्याने एक शिवी दिली, कॉलरला, नाव न घेता. तिसऱ्यांदा ओढताना त्याचा हात तिथपर्यंत पोचला आणि थकून मांडीवर पडला.

कॅमेऱ्यामागे बायको उभी होती. एकदा तिने पडद्याकडे पाहिलं. चुणी नीट होती.

"ढगळ होतंय," दिग्दर्शक म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्याने सांगितलं नाही.

मामाने डोळा कॅमेऱ्यावरून हलवला नाही. कात्रीने घडी घातलेले हात सोडले.

बायको टाचण्यांचा डबा घेऊन आली. दिव्याच्या समोरून आली, त्यामुळे क्षणभर खुर्चीवर अंधार झाला. कंटिन्युइटीच्या माणसाकडून इतकी ढोबळ चूक आजवर झाली नव्हती. तिने दोन टाचण्या ओठांत धरल्या, चौकटीत उभी राहिली आणि त्याचा शर्ट बगलेपाशी चिमटीत पकडला. तिची पाठ अर्ध्या चौकटीवर आली होती. तिला ते माहीत होतं. ती सरकली नाही.

"हात वर," ती टाचण्यांमधून म्हणाली.

त्याने जमेल तेवढा वर केला. तिने तो आपल्या खांद्यावर ठेवून घेतला आणि कापड आवळलं. गडद पट्टे एकेक करून तिच्या मुठीत गेले. दोघांच्या कपाळांना सारख्याच आठ्या होत्या.

"किती घेऊ?"

दिग्दर्शकाने तिच्या खांद्यावरून मॉनिटरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सगळं नको घेऊ," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी काय घेशील मग?"

तिने थोडं कापड सोडलं आणि टाचणी लावली. ती त्याला टोचली. मुद्दाम की चुकून, ते त्या चौकटीत कळत नव्हतं.