आपल्या समाजाचं शास्त्र

"मॅडम, साम्यवाद गेल्यावर तिकडं पूर्व युरोपात समाजशास्त्राचे विभाग वाढले म्हणता. मग आपल्याकडं वाढायला आधी काय जावं लागंल?"

मोनालीनं एका दमात विचारलं आणि दहावीच्या साऱ्या पोरांच्या माना तिच्याकडं वळल्या. टोचणी शेजारी बसलेल्या मैत्रिणीची, शीतलची. "विचार की! वक्तृत्वात नंबर आल्यापासनं लय शहाणी झालीयेस ना?" करिअर मार्गदर्शनात प्रश्न विचारला की वडापाव लांबतो, हे शिक्रापुरात पाचवीतलं पोरगंसुद्धा जाणतं.

दौंडच्या कॉलेजातून आलेल्या मॅडम मात्र खूश झाल्या. "तिथली सरकारं म्हणायची, आमच्यात भेद उरलेच नाहीत. मग अभ्यास कशाचा करणार? काही देशांत तर विषयच गुंडाळून ठेवला होता. सरकारं पडली आणि विभाग उघडत गेले. आपल्याकडे काय जायला हवं, ते तूच शोध."

झालं. मोनालीचं सायन्स तिथंच, वडापावाच्या आधी, संपलं.

आता प्रश्न घरचा. सर्जेराव लेकीला पाळण्यात असल्यापासून 'डॉक्टर' म्हणत होते, हायवेलगत दवाखान्याची जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. संध्याकाळी तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "पप्पा, मला समाजशास्त्र घ्यायचंय."

आईची भाकरी तव्यावरच राहिली. सर्जेरावांनी मोबाईल खाली ठेवला.

"म्हंजी समाजाचं शास्त्र? आपल्या समाजाचं?" त्यांचा चेहरा उजळला. "घे की! डॉक्टर काय पैशाला पासरी झालेत. आपल्या समाजावर अभ्यास करणारी पोरगी तालुक्यात न्हाई. मेळाव्यात सत्कारच ठेवतो!"

"आन् बाकीचे समाज?" आईनं भाकरी उलटत विचारलं.

"त्यांचं ते लिहितील. आपल्या गावात भेदभाव हायच न्हाई, मग भांडण कशाला?"

परवानगी अशी आपल्या पायानं चालत आली होती. फक्त तोंड मिटून बसायचं होतं, आणि मोनाली तेवढी हुशार होती.

तेवढ्यात मागं बादल्या आपटल्या. मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी कंपनीतली पोरं बारीक धारेच्या एकुलत्या नळापाशी हिंदीत वाद घालत होती. पुढच्या अंगणात घरचा नळ मोकळा ठिबकत होता. त्याला त्यांनी हात लावायचा नाही, हा सर्जेरावांचा नियम.

मोनाली उठली.

"पप्पा, आई, ऐका. सत्कार नको. मी अकरावीला आर्ट्स घेणार, तुम्ही आता न्हाई म्हणलात तरी घेणार. आन् पहिला अभ्यास आपल्याच खोल्यांचा. त्या पोरांना पुढचा नळ का बंद, हे पप्पा, मी आधी तुम्हालाच विचारणार, आन् तुम्ही सांगाल ते जसंच्या तसं लिहिणार."