छातीचे चाळीस फोटो

"हनुवटी वर. खांदे पुढे टेकव. आता श्वास भर आणि रोखून धर."

दादाने श्वास भरला, पण रोखायच्या आतच खोकल्याची उबळ आली. काचेच्या पलीकडे तिने बटणावरचे बोट काढून घेतले आणि वाट पाहिली. दुसऱ्या वेळीही तेच झाले. तिसऱ्या वेळी कसेबसे जमले.

खाणीच्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षे एक्स-रे काढत होती. कामगार एक्स-रेला फोटो म्हणत आणि तिला फोटोताई. दादा तिचा सख्खा भाऊ. दगड भरडायच्या यंत्रावर, म्हणजे भरड्यावर, त्याची बावीस वर्षे गेली होती, आणि त्याच पगारावर तिचे शिक्षण झाले होते.

ओली फिल्म चिमट्यात धरून तिने दिव्यासमोर लावली. दादा शर्टाची बटणे लावत जवळ आला.

"कसा आलाय?"

"फोटो चांगला आलाय," ती म्हणाली. "छाती नाही."

वरच्या अंगाला, दोन्हीकडे, पांढरे ठिपके विखुरले होते. मागच्या वर्षी ते वेगवेगळे मोजता येत होते. आता एकमेकांत मिसळून त्यांची ढेकळे झाली होती. मागच्या वर्षीही तिने अहवालासोबत या ठिपक्यांबद्दल चिठ्ठी जोडली होती. मोठ्या डॉक्टरांनी अहवालावर सही केली आणि चिठ्ठी तेवढी काढून ठेवली.

दादाने फिल्मकडे धड पाहिलेही नाही.

"मग दुसऱ्या कुणाचा तरी लाव. साहेबांनी सांगितलंय ना तुला?"

सांगितले होते. कालच कंपनीचे वेल्फेअर साहेब येऊन गेले होते. माणूस तसा वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली की सर्वांत आधी पोचायचा. खुर्ची ओढून तो हळू आवाजात बोलला होता.

"बाई, चार दिवसांनी परदेशी खरेदीदार येताहेत, त्यांचा डॉक्टर घेऊन. वीस वर्षांचा करार आहे. भरड्यावरच्या चाळीस जणांच्या छात्या त्यांना स्वच्छ हव्यात. तशी अटच आहे त्यांची. ऑफिसातली, बागेतली नवी पोरं पाठवतो. फोटो त्यांचे काढा, नंबर भरड्याचे टाका."

"आणि भरड्यावरची माणसं?"

"त्यांचं बघू नंतर. अहो, या बॅटरीच्या धातूत आपण जगात दुसरे आहोत आता. कालपर्यंत ज्यांच्या दारात आपण हात पसरत होतो, ते आपल्या दारात येताहेत. देशाची पत आहे ही. एवढ्यासाठी घालवायची?"

एवढ्यासाठी. तो शब्द कालपासून तिच्या डोक्यातून जात नव्हता. आणि आता सख्खा भाऊ तेच मागत होता.

"तुला कळतंय का काय बोलतोयस?" तिने फिल्म दिव्यावरून खस्सकन ओढली. "हे तुझं फुप्फुस आहे, दादा. शाळेचा दाखला नाही खाडाखोड करायला!"

"ओरडू नकोस. खराब निघालो तर घरी बसवतील. धाकटीचं शेवटचं वर्ष आहे." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "मी कधी काही मागितलंय तुझ्याकडे?"

मागितले नव्हते. म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दोन दिवस साहेबांनी पाठवलेली पोरे येत राहिली. तिने त्यांचे फोटो काढले आणि ते त्यांच्याच नावांनी खालच्या खणात टाकले. चाळीस पाकिटांत भरड्यावरच्यांच्याच चाळीस खऱ्या छात्या भरल्या, दादाची सर्वांत वर ठेवली. खरेदीदार यायचे होते त्या सकाळी तिने स्वतःचा पाण्याचा तांब्या आणि देव्हाऱ्यातला असावा तसा जपलेला आईचा फोटो टेबलावरून पिशवीत घातला. नोकरी जाणार हे तिने गृहीत धरले होते. फक्त त्या परक्या डॉक्टरने पाहावे, विचारावे. मग एकेक नाव ती तोंडपाठ सांगणार होती.

परका डॉक्टर आला तो अकराच्या सुमाराला. बरोबर वेल्फेअर साहेब, दुभाषी आणि कॅमेरावाला. डॉक्टरने वरचे पाकीट उघडले आणि दादाची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. तिने श्वास रोखला. त्याच्या कपाळावर आठी आली. निदान तिला तरी तसे दिसले. मग त्याने फिल्म परत पाकिटात सरकवली आणि काहीतरी विचारले.

"किती आहेत, विचारताहेत," दुभाषी म्हणाला.

"चाळीस. पण त्यांनी अजून..."

दुभाष्याने "चाळीस" एवढेच पुढे सांगितले. डॉक्टरने कागदावर खूण केली, सही केली आणि हसून तिच्याशी हात मिळवला. त्याचा हात मऊ होता, आणि कोरडा. कॅमेरावाल्याने तेवढे टिपले. बाकीची एकोणचाळीस पाकिटे कुणी उघडलीच नाहीत.

जाता जाता वेल्फेअर साहेब पुटपुटले, "सोडवलंत बाई. उपकार झाले."

तिला ओरडायचे होते. पण ओरडणार कुणावर? खोटे पकडायला कुणी आलेच नव्हते. खरे पाहायलाही नाही. तिने दारावर मूठ आपटली. हात मात्र चांगला सुजला.

दुपारी पाळी सुटल्यावर दादा आला. त्याच्या हातात स्टीलची नवी बाटली होती. करार झाल्याच्या आनंदात कंपनीने सगळ्यांना एकेक वाटली होती. बाटलीवर "जगात दुसरे" असे कोरले होते.

"पास झालो ना?" तो हसला. "सगळेच पास, म्हणे. माहीत होतं मला, तू भावाला तोंडघशी पाडणार नाहीस."

"मी काही बदललं नाही, दादा."

"म्हणजे?"

"तुझाच होता. त्याने हातात धरला, उजेडात पाहिला, आणि सही केली."

दादा हसू तोंडावर तसेच ठेवून उभा राहिला. मग ते हळूहळू उतरले.

"हाच? ठिपक्यांचा?"

"हाच."

"डॉक्टर होता ना तो?"

"हो."

"आणि काही बोलला नाही?"

"किती आहेत, एवढं विचारलं."

तो बाकावर बसला. त्याच्या श्वासाची शिट्टी वाजत होती. मग त्याने हात पुढे केला. तिने पाकीट दिले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने स्वतःची छाती डोळे भरून पाहिली. खिडकीशी जाऊन, फिल्म वरखाली करून, बोट ठेवून ठेवून पाहिली.

"हे काय आहे, इथलं?"

"धूळ. दगड झालेली."

"निघत नाही?"

"नाही."

त्याने मान हलवली. आवाज अगदी शांत होता, पण जबडा आवळलेला.

"मी लपवत होतो. मला वाटायचं, त्यांना कळलं तर... आणि त्यांना सगळं ठाऊक आहे गं. ठाऊक असून चालतंय त्यांना." तो उठला. "बाकीच्यांचे कुठे आहेत?"

"कपाटात."

"काढ."

"दादा, नोकरी जाईल. तुझी आणि माझी."

"दुसरी पाळी गेटवर जमली असेल. ज्याची छाती त्याच्या हातात देतो. पुढचं ज्याचं तो ठरवेल."

तिने कपाट उघडले. चाळीस पाकिटांचा गठ्ठा त्याने उचलला, आणि चार पावलांत त्याला दम लागला. तो भिंतीला टेकला. पण गठ्ठा खाली ठेवायला तयार होईना.

"आण इकडे," ती म्हणाली. निम्मी पाकिटे तिने छातीशी धरली आणि पायाने दार ढकलले.