अमोनियाचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना वायुशोधक आहे. हाताच्या पंजाएवढी करडी पेटी, खालच्या बाजूला जाळीचे तोंड आणि आत एक संवेदक. हवेत अमोनिया मिसळला की मला कळते. दुसरे काही कळत नाही, पण एवढे मात्र पक्के कळते.

१९९६ साली मी तमिळनाडूत पापनाशमजवळच्या एका खासगी दूध शीतकरण केंद्रात आलो. तिथली यंत्रे अमोनिया वापरून दूध थंड करत. आदल्या वर्षी गळती होऊन एका कामगाराच्या डोळ्यांना इजा झाली होती, म्हणून मालक कृष्णमूर्ती यांनी वायुशोधक घ्यायचे ठरवले. निवडीचे काम त्यांनी विनुतावर सोपवले. विनुता तिथली तरुण अभियंता, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या मराठी घरातली.

विक्रेत्याने तिच्यापुढे दोन पेट्या ठेवल्या. दुसरी माझ्यापेक्षा चकचकीत आणि स्वस्तही होती.

"हीच घ्या मॅडम, सगळ्या हॉटेलांत हीच खपते."

"हॉटेलांत स्वयंपाकाचा गॅस असतो. आमच्याकडे अमोनिया आहे. तो हिला कळतो का?"

विक्रेत्याने माहितीपत्रक उलटसुलट पाहिले आणि ती पेटी पिशवीत घातली. मग विनुताने माझी चौकशी केली. किती थोड्या वायूवर मी ओरडतो, इथल्या दमट उकाड्यात टिकतो का, तपासणीचा वायू कुठे मिळतो, संवेदक कधी बदलायचा? सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तेव्हा कुठे तिने मला निवडले. नुसत्या रूपावर निवडलो गेलो नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

मालकांना मी दाराशी हवा होतो, पाहुण्यांना दिसावा म्हणून. पण अमोनिया हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. विनुताने वेणीतल्या मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या गजऱ्याचा दोरा सोडवला, एका काठीला बांधला आणि कॉम्प्रेसरच्या वर धरला. दोरा छताजवळच्या, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याकडे झुकला; म्हणजे हवा तिकडेच जात होती. त्याच वाटेवर, उंच जागी तिने मला बसवले.

यंत्रचालक सांबशिव यांना मी आवडलो नाही. तेही तंजावूरचे मराठीच. तीस वर्षे त्यांनी ती यंत्रे सांभाळली होती.

"माझं नाक असताना ही पेटी कशाला, अम्मा?" ते विनुताला म्हणाले.

"नाक तुमच्याबरोबर घरी जातं, मामा. ही इथंच राहते."

दर सोमवारी विनुता तपासणीचा वायू माझ्या तोंडाशी धरी. मी ओरडलो की तारीख लिहून ठेवी. सुमारे दीड वर्ष असेच गेले. मग एका सोमवारी दुपारी कॉम्प्रेसरचे सील सुटले. पहिला वायू वर आला आणि मी सगळ्या ताकदीने ओरडलो.

सांबशिव धावत आले. त्यांनी खोल श्वास घेतला.

"काही वास नाही! उगाच रडतेय ही." त्यांनी माझ्या भोंग्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका, मामा!" विनुता दारातून ओरडली. "सकाळीच तपासलीय मी. आधी सगळे बाहेर!"

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून दुधाच्या पिशव्या भरणारी कनकलता डोळे चोळत आली. "अय्यो, केवढा वास! डोळे जळतात."

सांबशिव तिच्याकडे बघतच राहिले. मग भानावर येऊन सगळ्यांबरोबर बाहेर पळाले. त्यांनी यंत्रांचे बाहेरचे मुख्य बटण बंद केले, मग त्यांनी आणि विनुताने मास्क चढवले आणि आत जाऊन झडप घट्ट फिरवली. कोणालाही इजा झाली नाही.

हवा मोकळी झाल्यावर ते बाकावर बसले.

"दोन वर्षं झाली, अम्मा. मला कसलाच वास येत नाही. घरी रसमचाही नाही. सांगितलं तर काम जाईल, म्हणून गप्प राहिलो. आज पंधरा माणसं आत होती."

विनुताने मालकांना सगळे सांगितले, पण त्याबरोबर हेही सांगितले, की झडपांची माहिती सांबशिवांइतकी कोणालाच नाही. सांबशिवांचे काम टिकले. त्या सोमवारपासून माझी तपासणी सांबशिव करू लागले. जाळीवरची धूळ पुसताना ते माझ्याशी बोलत. भिंतींना रंग देताना कोणी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून विसरले, तेव्हा ते किती रागावले!

पुढे माझा संवेदक थकला. वायू धरला तरी मी गप्प. सांबशिव त्याच दिवशी मालकांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "हिला आता कळत नाही. आजच बदला." माझा संवेदक आता बाजारात मिळत नव्हता, म्हणून माझ्या जागी नवा वायुशोधक आला. मी सध्या तंजावूरच्या एका तंत्रशाळेच्या कपाटात असतो आणि मुलांच्या हातात फिरतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कारखान्यात जाल. तिथे भिंतीवर माझा एखादा भाऊबंद दिसेल, त्याचा हिरवा दिवाही लागलेला असेल. तो दिवा वीज आहे एवढेच सांगतो. तेव्हा लाजू नका, विचारा: याला कोणता वायू कळतो, आणि याची शेवटची तपासणी कोणी, कधी केली? उत्तर मिळाले नाही, तर आत पाऊल टाकू नका.