बकुळचे वाक्य

दूधविनायकाच्या गल्लीत नीलकंठराव सोवनींना मुलीच्या हिंदी शाळेतल्या नव्या मॅडम भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "आपकी लीला गणित में बहुत अच्छी है।"

नीलकंठराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून दमून घरी चालले होते. मॅडमची कुणाशी तरी गल्लत होते आहे, असे त्यांना वाटले. त्यांना एकच मुलगी आणि तिचे नाव बकुळ. पण मॅडम ठाम होत्या. चौथीतली, दोन वेण्यांची, तीच. पहिल्या दिवशी नाव विचारले तेव्हा तिनेच लीला सांगितले. हजेरीपटात लीला सापडेना, तेव्हा हे घरातले हाक मारायचे नाव असेल, असे त्या धरून चालल्या होत्या.

नीलकंठराव तणतणतच जिना चढले. नऊ वर्षांची पोर आणि स्वतःच्या नावाबद्दल थाप मारते! पायातल्या चपलाही न काढता त्यांनी विचारले, "लीला कशाला सांगितलंस?"

बकुळने तोंड उघडले. "ब... ब..." मग ओठ मिटले ते उघडेचनात. मान ताठ झाली.

"मॅडम ओरडल्या? मैत्रिणींनी शिकवलं? गंमत केलीस?" नीलकंठराव एकामागून एक शब्द तिच्यापुढे टाकत गेले. शेवटी ते म्हणाले, "सावकाश बोल म्हणून किती वेळा सांगायचं!" आणि हेही इतक्या घाईने म्हणाले की त्यांची पत्नी आनंदी स्वयंपाकघरातून बाहेर आली. बकुळने मान हलवून 'गंमत केली' हे कबूल केले. तिची सुटका झाली.

वाचकहो, अशी घरे तुमच्याही ओळखीची असतील. बकुळ चार वर्षांची असल्यापासून अडखळत होती. कुणी तिच्या जिभेला मधातून वेखंड चोळायला लावले, कुणी शंखातले पाणी पाजायला सांगितले. शेजारच्या चाचींनी पोपटाने टोचलेला पेरू आणून दिला. तोंडात खडे धरून बोलायचा प्रयोग झाला, तो एक खडा घशात गेल्यावर थांबला. नीलकंठराव या सगळ्या उपायांना विटले होते, फुकट उपाय सांगणाऱ्यांना विटले होते आणि खरे सांगायचे तर बकुळवरही वैतागले होते. आरती म्हणताना ही मुलगी कधी अडत नाही, मग बोलतानाच का अडते? अर्थ उघड होता. ती मनावर घेत नाही.

त्यात त्या वर्षी नाटकाचे निघाले. बालाजी घाटाजवळच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात मुलांचे नाटक होई आणि ते शरदिनीबाई बसवत. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. दिवसभर हिंदीत वावरणारी पोरे वर्षातून एकदा तरी सलग मराठी बोलतील, म्हणून त्या नाटक स्वतः लिहीत. यंदाच्या नाटकात एक नाव नदीत बुडते, नावाड्याला कैद होते आणि त्याची लेक राजाच्या दरबारात साक्ष द्यायला उभी राहते. हे मुख्य काम त्यांनी बकुळला दिले.

नीलकंठराव तडक त्यांच्या घरी गेले. मुलीचे हसे करायचे आहे का, असे त्यांनी विचारले. द्यायचेच तर तिला झाडाचे किंवा गर्दीतल्या बाईचे, न बोलायचे काम द्या, अशी गळ घातली. बाईंनी ऐकून घेतले आणि सांगितले की वाक्ये सगळ्याच मुलांची पाठ आहेत, पण त्या लेकीचे दुःख एकट्या बकुळला समजले आहे. तेव्हा काम तिचेच. हताश होऊन नीलकंठरावांनी प्रॉम्प्टिंग मागून घेतले. निदान पोरगी अडली तर शब्द तरी पुरवता येईल!

त्यांनी तो मुबलक पुरवला. तालमीत बकुळने ओठ हलवायचा अवकाश, पडद्याआडून नीलकंठरावांचा आवाज येई. बकुळ गोंधळून पुन्हा सुरुवात करी आणि आणखी अडे. ते आणखी मोठ्याने सांगत. राजा झालेला मुलगा कंटाळून सिंहासनावर पाय हलवत बसे. तिसऱ्या दिवशी शरदिनीबाईंनी येऊन त्यांच्या हातातली वही मिटली.

"नीलकंठराव, हे काम बकुळ करते आहे की तुम्ही?"

"मग काय करू?" नीलकंठरावांचा संयम संपला. "चारशे माणसांसमोर तिची फजिती बघत बसू? सगळे सांगून दमलो, बाई. ही मुलगी एक वाक्य सरळ बोलत नाही!"

मुलांना बाहेर खेळायला पाठवून बाई नीलकंठरावांजवळ बसल्या.

"माझा भाऊ दत्तात्रेय असाच अडखळायचा," त्या म्हणाल्या. "रिक्षावाल्याला दूधविनायक सांगता येईना, म्हणून तो चौक सांगायचा आणि तिथून सामान घेऊन चालत यायचा. आम्ही घरातली सगळी मायेची माणसं. त्याचं प्रत्येक वाक्य आम्हीच पुरं करायचो. हळूहळू त्यानं वाक्य सुरू करणंच सोडलं. पन्नाशीत गेला तो. त्याला काय आवडायचं, कशाचा राग यायचा, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं."

नीलकंठरावांनी मिटलेली वही बाजूला ठेवली. मग त्यांनी विचारले, "पण यावर उपाय काय?"

"तिचं अडखळणं जाईल की नाही, मला माहीत नाही. पण तो आळस नाही आणि हट्टही नाही. ती बोलायला लागली की तिच्याकडे बघा आणि थांबा. शब्द पुरवू नका. एवढं आठ दिवस करून बघा."

सांगायला सोपे, पण नीलकंठरावांचे हाल झाले. बकुळ जेवताना काही सांगू लागली की पुढचा शब्द त्यांच्या दाताशी येऊन बसे. तो गिळताना घास कडू होई. दोनदा त्यांच्या तोंडून निसटलाच आणि आनंदीने डोळे वटारले. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते बकुळला घेऊन संकठा घाटाच्या पायऱ्यांवर बसले आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला. मॅडमना लीला का सांगितलेस?

बकुळ अडली. नीलकंठरावांनी गुडघे घट्ट धरून ठेवले. ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा अडली. ते तिच्याकडे बघत राहिले.

"ब... बकुळ म्हणायला वे... वेळ लागतो, बाबा," ती म्हणाली. "मॅडम नावं ज... जल्दी जल्दी विचारत होत्या. म... मागे सगळे हसायला लागतात. लीला प... पटकन निघतं."

दुसऱ्याचा वेळ जाऊ नये म्हणून नीलकंठरावांच्या लेकीने आपले नाव टाकून दिले होते! आणि तिला तशी सवय लावणारे पहिले ते स्वतः होते. त्यांनी तिला जवळ घेतले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर करून ते शाळेत गेले आणि मॅडमना सारे सांगितले. मॅडमचा चेहरा उतरला. यापुढे थांबेन, असे त्यांनी कबूल केले.

नाटकाच्या संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला होता. बकुळ दरबारात उभी राहिली. "म..." म्हणाली आणि अडकली. ओठ मिटले, मान ताठ झाली. मागच्या बाकावर खसखस पिकली. पहिल्या रांगेतले एक काका तिला मदत म्हणून मोठ्याने "महाराज, महाराज" म्हणाले. बकुळने पडद्याआड पाहिले.

नीलकंठरावांच्या हातात वही होती. त्यांनी ती पाठीमागे धरली. ते तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि घरात कुणालाही कधी दिला नव्हता एवढा वेळ त्यांनी तिला दिला.

"म... महाराज," बकुळ म्हणाली, "नाव व... वादळानं बुडाली नाही. तुमच्या शि... शिपायांनी दुप्पट माणसं कोंबली म्हणून ब... बुडाली. माझ्या बापाला सोडा!"

मागच्या बाकावरचे हसणे थांबले. पुढे ती आणखी सात-आठ ठिकाणी अडली, पण एकही वाक्य तिने अर्धे सोडले नाही. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा राजाही सिंहासनावरून टाळ्या वाजवत होता.

नाटकानंतर पहिल्या रांगेतले तेच काका नीलकंठरावांना भेटले. काम फार उत्तम झाले म्हणाले आणि हळहळले, "फक्त अडखळायला नको होती हो."

नीलकंठरावांना नेहमीचा संताप आला, पण या वेळी तो मुलीवर नव्हता. "काका," ते म्हणाले, "ती अडखळतच बोलणार. तिला म्हणायचं होतं ते सगळं ती बोलली. ऐकलंत ना?"

काकांनी ऐकले होते. त्यांनी तसे कबूल केले.

बकुळ आजही काही शब्दांपाशी अडते. पण आता ती भांडते, प्रश्न विचारते, चाचींना त्यांच्या पेरवाबद्दल स्पष्ट नकार देते. आपण सारे शहाणे, प्रेमळ लोक अडखळणाऱ्या माणसाच्या तोंडचा शब्द काढून घेतो आणि त्याला मदत म्हणतो. बंधुभगिनींनो, तशी मदत करू नका. समोरचा अडला तर त्याच्याकडे बघा आणि थांबा. त्याचे वाक्य पुरे करण्याचा हक्क फक्त त्याचा आहे.