कुंकवाखालचे अडीचशे

मी ब्रेकर बोलतोय. घरातल्या मीटरजवळचा बोटभर खटका नव्हे हं! मी एमसीसीबी, म्हणजे कारखान्यातला ब्रेकर, चांगला विटेपेक्षा मोठा काळा ठोकळा. रायपूरला अनंतरावांच्या पोहा मिलमध्ये, मोठ्या यंत्राच्या पॅनेलमध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. वायरला झेपेल त्याहून जास्त वीज धावली, की खटका पाडायचा आणि यंत्र बंद करायचं, एवढंच माझं काम.

आणि बक्षीस काय? शिव्या! "पडला का बे पुन्हा!" असं ओरडत अनंतराव यायचे, माझा दांडा वर ढकलायचे आणि चालू लागायचे. काहून पडला, हे एकदाही विचारलं नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

पण विश्वकर्मा पूजेला तेच अनंतराव माझ्यापुढे हात जोडून उभे. हळद, कुंकू, अक्षता, सगळं थेट माझ्या छातीवर! पूजेचं कुंकू पुसणार कोण? थरावर थर चढत गेले आणि छातीवरचा आकडाच दिसेनासा झाला. मी मात्र ऐटीत होतो.

यंदा माझी स्प्रिंग ढिली झाली. उगाचच पडू लागलो. अनंतरावांनी जाहीर केलं, "आता चारशे ॲम्पिअरचा बसवतो. मोठाच घेऊ, म्हणजे पडायची कटकटच नाही."

माझ्यातून निघालेली वायर जिथून जाते, त्याच्या खालीच मिलमधल्या मीराबाई पोहे चाळत बसतात. वायर तापली आणि हा नवा पडलाच नाही, तर?

नशीब, रविवारी अनंतरावांची पुतणी प्रमोदिनी आली. ती वीज इंजिनिअर. तिनं पहिलंच विचारलं, "काका, जुना किती ॲम्पिअरचा?"

"चारशेचाच असंल. केवढा धिप्पाड आहे, पाह्य नं!"

"अंगावरून अंदाज करून राहिले तुम्ही?" ती हसली आणि फडक्यानं माझी छाती पुसू लागली.

"अवं, पूजेचं आहे ते!"

"देव रागावला तर माझं नाव सांगा."

काय गुदगुल्या झाल्या हो! अठ्ठावीस वर्षांचं कुंकू निघालं आणि खालून आकडा वर आला, अडीचशे.

"वायरलाही अडीचशेच झेपते," प्रमोदिनी म्हणाली. "चारशेचा बसवला तर तो वेळेवर पडणार नाही, वायर जळेल. खाली कोण बसते?"

अनंतरावांनी मीराबाईंकडे पाहिलं. काकांचा चेहरा उतरला. "मले हे काय माहीत होतं, बाप्पा," एवढंच ते बोलले.

मग तिनं कागदावर लिहून दिलं. ब्रेकर अडीचशेचाच, पण मिलचा ट्रान्सफॉर्मर मागच्या वर्षी मोठा झालाय, म्हणून शॉर्टसर्किटचा झटकाही आता मोठा बसणार; तो सोसून वीज तोडणारा हवा. माझ्या मापाचा आता बनतही नाही म्हणे. नवा आला तो माझ्या निम्म्या अंगाचा! तो बसवायला नवी पट्टी आणली, नवी भोकं पाडली. चिरंजीव दिसायला गोड आहेत, मान्य.

मला समोरच्या फळीवर ठेवलं. तिसऱ्याच दिवशी यंत्रात धान अडकलं. मोटर गुरगुरली, वायर तापायला लागली. मी जीव मुठीत धरून बसलो. पड रे, पड! खट्! पडला पठ्ठ्या! मला तर नाचावंसं वाटलं.

अनंतराव धावत आले. पॅनेलकडे वळलेच नाहीत.

"मीराबाई, बऱ्या आहात नं?"

"हव," चाळणी न थांबवता त्या म्हणाल्या. "यंत्र तेवढं थांबलं. काहून, काय झालं?"

काही झालं नाही, मीराबाई. काहीच झालं नाही! आम्हा ब्रेकरांना याहून मोठा आनंद माहीत नाही. आणि मंडळी, तुमच्याकडचा ब्रेकर कधी पडला, तर दांडा ढकलण्याआधी एवढंच करा, आधी माणसं मोजा.